कागदपत्रांच्या मुळावर उभे रहस्य : ऐतिहासिक रहस्य कादंबरीची वाटचाल

भूतकाळात घडणारी आणि गुन्ह्याच्या उकलीभोवती रचलेली कादंबरी म्हणजे ऐतिहासिक रहस्य कादंबरी. लेखकाने स्वतःच्याच काळाविषयी लिहिलेली गुन्हेकथा पुढे कितीही जुनी झाली तरी ती या प्रकारात मोडत नाही. शेरलॉक होम्सच्या कथांत आजच्या वाचकाला व्हिक्टोरियन लंडन दिसते, पण आर्थर कॉनन डॉइल ते आपल्या भोवतालचे शहर म्हणूनच लिहीत होता. ऐतिहासिक रहस्य कादंबरीच्या लेखकाला न पाहिलेला काळ अभ्यासाने उभा करावा लागतो, आणि त्या काळाचे कायदे, श्रद्धा व ज्ञान यांच्या मर्यादेत राहून गुन्ह्याची उकल करावी लागते. या दोन अटी पाळायच्या तर कागदपत्रांकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच या प्रकारातल्या टिकून राहिलेल्या अनेक पुस्तकांच्या मुळाशी एखादा खरा दस्तऐवज सापडतो. कुठे घरगुती पत्रे, कुठे मठातला वृत्तान्त, कुठे वकिलाचे भाषण, तर कुठे न्यायाधीशांनी जपलेला खटल्यांचा संग्रह. या प्रकाराचा इतिहास बऱ्याच अंशी अशा कागदांच्या वाचनाचा इतिहास आहे.

दोन वेगळे प्रवाह

वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ साली आली आणि ऐतिहासिक कादंबरीला युरोपभर वाचक मिळाले. एडगर अ‍ॅलन पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा १८४१ सालची. आधुनिक हेरकथेची सुरुवात तिच्यापासून मानतात. पुढे बराच काळ हे दोन प्रवाह समांतर वाहत राहिले. हेरकथा आधुनिक शहराची होती. पोलीस दल, वर्तमानपत्रे, रेल्वेची वेळापत्रके, प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांच्यावाचून तिचे पान हलत नसे. ऐतिहासिक कादंबरीचा जीव लढाया, राजकुळे आणि राष्ट्राभिमान यांत गुंतला होता. मराठीतही हेच घडले. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली आणि हरिभाऊ आपट्यांनी तिला बहर आणला. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी अफाट वाचकवर्ग मिळवला, पण या दोन परंपरांची भेट क्वचितच झाली.

हे दोन प्रवाह जाणीवपूर्वक एकत्र आणणाऱ्या पहिल्या लेखकांत अमेरिकेतल्या मेल्व्हिल डेव्हिसन पोस्ट याचे नाव घ्यावे लागते. वकिली केलेल्या पोस्टने १९११ पासून 'अंकल अ‍ॅबनर'च्या कथा लिहिल्या. १९१८ साली त्यांचे पुस्तक झाले. कथांचा काळ अमेरिकी यादवी युद्धापूर्वीचा आणि प्रदेश व्हर्जिनियाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. तिथे ना पोलीस ठाणे, ना प्रयोगशाळा. अ‍ॅबनर हा धर्मनिष्ठ जमीनमालक डोळे उघडे ठेवून आणि माणसांचे स्वभाव ओळखून गुन्हा उलगडतो. यंत्रणा नसली की तपासाचा सगळा भार निरीक्षणावर आणि तर्कावर पडतो, हे या कथांनी दाखवून दिले. पुढच्या लेखकांना या प्रकाराची ओढ वाटली त्यामागे हे एक मोठे कारण होते.

जॉन डिक्सन कार याने १९३६ साली 'द मर्डर ऑफ सर एडमंड गॉडफ्री' हे पुस्तक लिहिले. लंडनच्या या दंडाधिकाऱ्याचे प्रेत ऑक्टोबर १६७८ मध्ये प्रिमरोझ हिलजवळ सापडले होते. कॅथलिकांच्या कथित कटाच्या अफवांनी त्या वेळी देश पेटला होता, त्यामुळे या मृत्यूला राजकीय रंग चढला. कारने समकालीन साक्षी आणि नोंदी तपासून हा खरा खून हेरकथेच्या पद्धतीने मांडला व शेवटी आपला निष्कर्ष दिला. १९४३ पासून लिलियन द ला टोरे यांनी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना गुप्तहेर आणि त्यांचे चरित्रकार जेम्स बॉझवेल यांना निवेदक करून कथा लिहिल्या. त्यातल्या अनेकींना अठराव्या शतकातल्या खऱ्या घटनांचा आधार आहे.

इजिप्तची पत्रे, इंग्लंडचा राजा

अ‍ॅगथा ख्रिस्तीच्या 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' या कादंबरीने या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. ती अमेरिकेत १९४४ साली आणि ब्रिटनमध्ये १९४५ साली प्रसिद्ध झाली. कथा इ. स. पू. २००० च्या सुमाराच्या थीब्ज परिसरातली आहे. एकही युरोपीय पात्र नसलेली ख्रिस्तीची ही एकमेव कादंबरी. तिचे पती मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ होते, पण या पुस्तकाची कल्पना सुचवली ती इजिप्तविद्येचे अभ्यासक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी. त्यांनी तिला हेकानाख्तच्या पत्रांची ओळख करून दिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वतीने उत्खनन करणाऱ्या हर्बर्ट विनलॉक यांना १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दैर अल-बहरी येथे पपायरसच्या या गुंडाळ्या मिळाल्या होत्या.

हेकानाख्त मृतांसाठी नित्याचे विधी करणारा पुरोहित होता आणि शेतीही पाहत होता. बाहेरगावाहून त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत धान्याचे हिशेब आहेत, जमीन खंडाने घेण्याच्या सूचना आहेत, कुणाला किती शिधा द्यायचा याचा तक्ता आहे, आणि आपल्या उपस्त्रीला घरात नीट वागवले जात नाही याबद्दलचा संतापही आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या एकत्र कुटुंबातली ही धुसफूस ख्रिस्तीने कथेचा कणा केली. तिच्या कादंबरीतला पुरोहित इम्होतेप तरुण उपस्त्रीला घरी आणतो, वारशाच्या हक्कांची गणिते बदलतात आणि खुनांची मालिका सुरू होते. पिरॅमिड आणि फेरो मागे राहतात. पुढे येतो तो घरखर्चाचा आणि मानापमानाचा कागद.

१९५१ साली जोसेफिन टे हिची 'द डॉटर ऑफ टाइम' आली. टे हे एलिझाबेथ मॅकिंटॉश या स्कॉटिश लेखिकेचे टोपणनाव. पाय मोडून रुग्णालयात पडलेला पोलीस अधिकारी अ‍ॅलन ग्रँट राजा तिसरा रिचर्ड याचे चित्र पाहतो आणि हा चेहरा खुन्याचा असेल का, या प्रश्नाने अस्वस्थ होतो. रिचर्डने १४८३ साली आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये मारवले, अशी समजूत शेक्सपिअरच्या नाटकामुळे घट्ट रुजली होती. ग्रँट अंथरुणातून हलत नाही. त्याचा तरुण अमेरिकी मदतनीस ब्रिटिश म्युझियममधून कागद शोधून आणतो आणि तपास पुढे सरकतो. थॉमस मोरने लिहिलेला वृत्तान्त प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा नाही, रिचर्डच्या पराभवानंतर त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत राजपुत्रांच्या खुनाचा स्पष्ट उल्लेख नाही, नव्या राजघराण्याला जुन्या राजाची बदनामी सोयीची होती, असे मुद्दे एकामागून एक समोर येतात.

हा वाद मराठी वाचकाला ओळखीचा आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने रंगवलेली छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत देहदंड झाला होता, हा संदर्भ बाजूला ठेवून ती बखर वाचता येत नाही. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे समकालीन साधने तपासून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ती प्रतिमा मुळातून बदलली. साक्ष कोणाची, कधीची आणि कोणाच्या हिताची, हे तीन प्रश्न इतिहाससंशोधकाचेही आहेत आणि तपास अधिकाऱ्याचेही. टेच्या कादंबरीचे सामर्थ्य या प्रश्नांत आहे. तिचा निष्कर्ष अनेक इतिहासकारांना मान्य नाही. रिचर्डचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरातल्या वाहनतळाखाली सापडला, २०१३ साली त्याची ओळख पटली आणि २०१५ साली लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता हे त्यातून सिद्ध झाले; राजपुत्रांचे काय झाले हा प्रश्न मात्र तसाच राहिला. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने १९९० साली केलेल्या सर्वोत्कृष्ट गुन्हे कादंबऱ्यांच्या यादीत 'द डॉटर ऑफ टाइम' पहिली आली.

न्यायाधीश दी आणि चिनी परंपरा

गुन्ह्याच्या तपासाची कथा पश्चिमेनेच शोधली, या समजाला रॉबर्ट व्हॅन गुलिक या डच मुत्सद्द्याने छेद दिला. १९१० साली जन्मलेल्या व्हॅन गुलिकचे बालपण जावा बेटावर गेले. पुढे तो चिनी व जपानी भाषांचा जाणकार झाला. भारतविद्येशीही त्याचा जवळचा संबंध होता. चीन आणि जपानमधील संस्कृत अध्ययनाच्या इतिहासावरचा त्याचा 'सिद्धम्' हा ग्रंथ १९५६ साली डॉ. रघुवीर यांच्या नागपूरच्या संस्थेने प्रसिद्ध केला.

चीनमध्ये न्यायाधीशांच्या तपासकथांची परंपरा पोच्या कितीतरी आधीची. त्यातली अठराव्या शतकातली 'दी गोंग आन' ही कादंबरी व्हॅन गुलिकने इंग्रजीत आणली आणि १९४९ साली टोकियोत छापली. तिचा नायक तांग काळातला खरा मुत्सद्दी दी रेन्चिये. त्याचा जीवनकाळ इ. स. ६३० ते ७०० असा आहे. भाषांतरानंतर व्हॅन गुलिकने त्याच नायकावर स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या आणि जुन्या चिनी पद्धतीची चित्रेही स्वतः काढली. चिनी परंपरेतल्या कथांत गुन्हेगार अनेकदा सुरुवातीलाच कळतो आणि भुताखेतांचा वावर असतो. व्हॅन गुलिकने हे टाळले, पण न्यायाधीशाने एकाच वेळी तीन प्रकरणांचा छडा लावण्याची रचना कायम ठेवली.

या कादंबऱ्यांतून जुन्या चिनी न्यायव्यवस्थेचे कामकाज आतून दिसते. जिल्ह्याचा दंडाधिकारीच तपास करतो, खटला चालवतो आणि निकाल देतो. आरोपीच्या कबुलीशिवाय शिक्षा होत नाही. कबुलीसाठी यातना देण्याची मुभा आहे, मात्र निरपराध माणूस त्यात दगावला तर अधिकाऱ्याला स्वतःला जबर किंमत मोजावी लागते. त्यामुळे आधी पुरावा आणि मग चौकशी हा दीचा आग्रह त्याच्या पदाच्या आणि प्राणाच्याही रक्षणाशी जोडलेला राहतो. व्हॅन गुलिकने तेराव्या शतकातला चिनी खटल्यांचा एक संग्रहही भाषांतरित केला आणि आपल्या कादंबऱ्यांच्या शेवटी कथानकांचे मूळ सांगणारी टिपणे जोडली. या मालिकेची सुरुवात 'द चायनीज मेझ मर्डर्स' किंवा 'द चायनीज बेल मर्डर्स'पासून करावी.

मठ, न्यायालय आणि ग्रंथालय

१९७७ पासूनच्या काळात हा प्रकार तुरळक प्रयोगांतून बाहेर पडून स्वतंत्र शाखा म्हणून उभा राहिला. त्या वर्षी एलिस पीटर्सची 'अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स' प्रसिद्ध झाली. हेही टोपणनाव; लेखिकेचे नाव एडिथ पार्जेटर. तिचे आयुष्य इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात गेले आणि तरुणपणी तिने औषधाच्या दुकानात काम केले होते. तिचा नायक ब्रदर कॅडफेल धर्मयुद्धांतून परतलेला वेल्श शिपाई असून श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. जखमा आणि विषे यांचे ज्ञान त्याला असावे हे त्यामुळे ओघानेच येते. पहिल्या कादंबरीचा आधार ऐतिहासिक आहे : श्रूजबरीच्या मठवासीयांनी संत विनिफ्रेडच्या अस्थी वेल्समधून आपल्या मठात आणल्या आणि त्याचा वृत्तान्त प्रायर रॉबर्टने लिहून ठेवला.

मालिकेतली दुसरी कादंबरी 'वन कॉर्प्स टू मेनी' १९७९ची. राजा स्टीफन आणि गादीवर हक्क सांगणारी मॉड यांच्या भांडणात ११३८ साली श्रूजबरीचा किल्ला पडतो आणि राजा पराभूत सैनिकांना फाशी देतो. कादंबरीत फाशी दिलेले ९४ आहेत आणि कॅडफेल मोजतो ती प्रेते ९५. सत्तेने केलेल्या घाऊक हत्येच्या आडोशाला एक खून लपवला आहे आणि त्या एका माणसालाही न्याय मिळाला पाहिजे, ही कॅडफेलची भूमिका कादंबरीला नैतिक वजन देते. २० कादंबऱ्यांची ही मालिका १९९४ साली संपली. पुढच्याच वर्षी लेखिकेचे निधन झाले. १९९९ साली क्राइम रायटर्स असोसिएशनने तिच्या नावाने ऐतिहासिक रहस्य कादंबरीसाठी पुरस्कार सुरू केला.

उंबेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ'ने या प्रकाराला जागतिक साहित्यात मानाचे स्थान दिले. मूळ इटालियन पुस्तक १९८०चे, विल्यम वीव्हरचे इंग्रजी भाषांतर १९८३चे. १३२७ साली उत्तर इटलीतल्या एका मठात भिक्षूंचे मृत्यू होत आहेत. फ्रान्सिस्कन भिक्षू विल्यम ऑफ बास्करव्हिल आपला शिष्य आद्सो याच्यासह तपास करतो. ख्रिस्त व त्याचे शिष्य निर्धन होते का, या प्रश्नावरून पोप आणि फ्रान्सिस्कन पंथ यांच्यात चाललेला खरा वाद पार्श्वभूमीला आहे. बर्नार्ड गी हा इतिहासातला धर्मन्यायाधीशही पात्र म्हणून येतो. रहस्य एका हरवलेल्या ग्रंथाभोवती फिरते. अ‍ॅरिस्टॉटलने विनोदावर लिहिलेला मानला जाणारा 'काव्यशास्त्रा'चा दुसरा भाग हा तो ग्रंथ. इथे दस्तऐवज हा आधार तर आहेच, शिवाय गुन्ह्याचे कारणही तोच आहे.

रोमकडे दोन लेखक वळले. लिंडसे डेव्हिसच्या 'द सिल्व्हर पिग्ज'पासून १९८९ साली सम्राट व्हेस्पेशियनच्या काळातला खासगी हेर फाल्को अवतरला. स्टीव्हन सेलरची 'रोमन ब्लड' १९९१ची. इ. स. पू. ८० मध्ये तरुण सिसेरोने पितृहत्येचा आरोप असलेल्या सेक्स्टस रॉशियसचा बचाव केला. त्याचे भाषण आज उपलब्ध आहे. दोष सिद्ध झाला असता तर रॉशियसला पोत्यात शिवून पाण्यात टाकले गेले असते. हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतला क्रिसोगोनस या प्रकरणात गुंतला असल्याचे सिसेरोने भर न्यायालयात सांगितले. सेलरने त्या भाषणातल्या मोकळ्या जागा गॉर्डियानस या तपासनिसाच्या पायपिटीने भरल्या. गुलामगिरीवर उभे असलेले शहर, न्यायालयाच्या पायऱ्या आणि दहशतीनंतरची शांतता हे सारे त्या एका खटल्यातून उलगडते.

इतिहासात पीएच. डी. मिळवून पुढे वकिली केलेल्या सी. जे. सॅन्समने २००३ साली 'डिसोल्यूशन' लिहिली. आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधले सुमारे ८०० मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली. थॉमस क्रॉमवेलचा एक आयुक्त मठात मारला जातो आणि १५३७च्या हिवाळ्यात वकील मॅथ्यू शार्डलेक तपासाला येतो. धर्मसुधारणेवर त्याचा मनापासून विश्वास असतो, पण हिशेबवह्या आणि जमिनीची खरेदीखते वाचता वाचता सुधारणेच्या नावाने चाललेली लूट त्याला दिसू लागते. ओरहान पामुकची 'माय नेम इज रेड' मूळ तुर्कीत १९९८ साली आली. १५९१च्या इस्तंबूलमध्ये सुलतानासाठी व्हेनिसच्या शैलीचा प्रभाव असलेला ग्रंथ गुपचूप तयार होत असताना एका चित्रकाराचा खून होतो. खुनी शोधायचा तर प्रत्येक चित्रकाराच्या हाताची लकब ओळखावी लागते. चित्रकलेचा अभ्यासच इथे तपासाची पद्धत ठरतो.

मुंबई आणि कोलकाता

अबीर मुखर्जींची 'अ रायझिंग मॅन' ही २०१६ची कादंबरी १९१९च्या कोलकात्यात घडते. रौलट कायद्याच्या काळातला ताण तिच्यात आहे. सुजाता मॅसी यांच्या २०१८च्या कादंबरीचे नाव भारतात 'अ मर्डर ऑन मलबार हिल' असे आहे. १९२१च्या मुंबईत परवीन मिस्त्री वडिलांच्या कार्यालयात वकिली करते. पडद्यात राहणाऱ्या तीन मुस्लिम विधवांनी आपली मालमत्ता सोडून दिल्याची कागदपत्रे तिच्यासमोर येतात आणि त्यांवरच्या सह्या पाहून तिला संशय येतो. पुरुष वकिलाला जिथे प्रवेश नाही तिथे ती जाऊ शकते, आणि कथेतला तपास त्यामुळेच शक्य होतो.

परवीनमागची एक प्रेरणा कॉर्नेलिया सोराबजी यांची आहे. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकमध्ये झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. १९०४ पासून त्यांनी बंगालमध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधी सरकारी कायदेविषयक सल्लागार म्हणून काम केले. स्त्रियांना भारतात वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला.

नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' या २०२०च्या कादंबरीचे मूळ १८९१ सालच्या एका घटनेत आहे. राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला आणि शहर हादरले. वसीम खान यांच्या 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'ची सुरुवात १९४९च्या अखेरच्या रात्री होते. पोलीस निरीक्षक पर्सिस वाडियाच्या तपासामागे फाळणीच्या जखमा उघड्या होत जातात.

मुंबईवरच्या या कादंबऱ्या इंग्रजीत आहेत. मराठीत या प्रकारासाठी लागणारी सामग्री मुबलक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेली नारायणराव पेशव्यांची हत्या आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांविरुद्ध घेतलेली ठाम भूमिका नाटक-कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा आली. मात्र न्यायदानाची पद्धत, साक्षी आणि पुरावे यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कथेला तिथे अजून भरपूर जागा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून जमवलेली साधने अशा लेखकाला उपयोगी पडतील.

निवड कशी करावी

चांगली ऐतिहासिक रहस्य कादंबरी ओळखण्याच्या तीन कसोट्या या वाटचालीतून हाती येतात. पहिली, गुन्ह्याचे कारण त्याच काळात संभवणारे असावे; शार्डलेकचे प्रकरण मठ बंद होत नसते तर घडलेच नसते. दुसरी, तपास करणाऱ्याने आजच्या माणसासारखा विचार करू नये. कॅडफेल शंका घेतो, पण श्रद्धा सोडत नाही. तिसरी, कागदातले काय आणि कल्पनेतले काय हे लेखकाने प्रामाणिकपणे सांगावे. व्हॅन गुलिक आणि सॅन्सम यांची अखेरची टिपणे त्यासाठी आवर्जून वाचावीत.

या प्रकाराची नव्याने ओळख करून घेणाऱ्याने 'वन कॉर्प्स टू मेनी'पासून सुरुवात करावी. ती आटोपशीर आणि स्वयंपूर्ण आहे. इतिहासलेखनाच्या पद्धतीत रस असेल तर 'द डॉटर ऑफ टाइम', कायद्यात रस असेल तर 'रोमन ब्लड' आणि 'डिसोल्यूशन', घरगुती नात्यांत रस असेल तर ख्रिस्तीची इजिप्तमधली कादंबरी घ्यावी. एको आणि पामुक सवडीने, संथ गतीने वाचायचे लेखक आहेत; त्यांच्यातली धर्मचर्चा आणि चित्रचर्चा गाळली तर रहस्यही हाती लागत नाही. मुंबईच्या वाचकाने मॅसींपासून आरंभ करून मार्च आणि खान यांच्याकडे जावे, म्हणजे १८९० ते १९५० या साठ वर्षांतले शहर तीन टप्प्यांत नजरेखालून जाते. कादंबरी संपल्यावर तिच्या मुळाशी असलेला दस्तऐवज मिळवून वाचला, मग तो सिसेरोचे भाषण असो की हेकानाख्तची पत्रे, तर लेखकाने काय घेतले आणि काय रचले हे कळते, आणि कागदाला प्रश्न विचारण्याची सवय वाचकालाही लागते.